प्रवचनात क्वांटम सांगताना : एका कीर्तनकारांना दिलेलं उत्तर

महाराज, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोरेगावकडच्या एका सप्ताहात तुम्ही म्हणालात की इलेक्ट्रॉन कोणी पाहत नसताना लाट असतो आणि पाहिला की कण होतो. म्हणजे पाहणाऱ्याशिवाय जग नाही, हे आता सायन्सनंही मान्य केलं आणि माउलींनी सातशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं. त्यावर बी.एस्सी.चा एक मुलगा उठून म्हणाला की असं काही सिद्ध झालेलं नाही. आता तुम्ही मला विचारता आहात की त्याचं बरोबर की तुमचं. शिवाय श्रॉडिंजर या शास्त्रज्ञाचं क्वांटमचं मूळ समीकरण उपनिषदांतून आलं, जुळलेल्या कणांचा प्रयोग म्हणजेच ‘सर्व एक आहे’ याचा पुरावा, आणि मेंदूतल्या नळ्यांमध्ये क्वांटम आत्मा सापडला, ही तीन वाक्यंही प्रवचनात घ्यावीत का.

मुलाचं बरोबर आहे. पण मला त्याहून जास्त खटकतं ते दुसरंच. तुमचं वाक्य भौतिकशास्त्राला जेवढं गैरलागू आहे, तेवढंच ते शांकरवेदान्तालाही गैरलागू आहे. मी साताऱ्यात कॉलेजच्या मुलांना क्वांटम मेकॅनिक्स शिकवत आलो आणि वाईला एका शास्त्रीबुवांपुढे बसून ब्रह्मसूत्रभाष्य, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरचं शंकराचार्यांचं विवरण, वाचत आलो, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी तो दोन फटींचा प्रयोग: इलेक्ट्रॉनसमोर दोन फटी ठेवायच्या आणि पलीकडच्या पडद्यावर काय उमटतं ते पाहायचं. १९८९ मध्ये जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की यंत्रात एका वेळी बहुधा एकच असे. (त्यांच्या यंत्रात खऱ्या दोन फटी नव्हत्या, एका बारीक विद्युतभारित तारेच्या दोन बाजू होत्या. तत्त्व तेच.) पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका उमटतो. पहिले ठिपके कसेही विखुरलेले दिसतात. हजारो जमले की काळे-पांढरे पट्टे स्पष्ट होतात, जे फक्त लाटांच्या मिसळण्यानं होऊ शकतात. आता कुठल्या बाजूनं इलेक्ट्रॉन गेला याची नोंद राहील अशी व्यवस्था केली, तर पट्टे जातात. इथवर सगळं खरं आहे, आणि अजूनही ते वर्गात सांगताना मला मजा येते.

गडबड होते ती पुढच्या पायरीवर. ‘नोंद राहील’ याच्या जागी ‘माणूस पाहील’ असं घातलं जातं. व्हिडिओमध्ये तर फटीशेजारी मोठा डोळाच काढलेला असतो. हा डोळा काढून टाकावा असा एक प्रयोग व्हिएन्नामध्ये झालेला आहे, आणि तो दोन फटींइतका प्रसिद्ध नाही याचं मला वाईट वाटतं. तिथे अँटन झाइलिंगर यांच्या गटानं १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंच्या फुटबॉलसारख्या रेणूचेही पट्टे मिळवून दाखवले. नंतर २००४ मध्ये त्याच गटानं सत्तर कार्बनांचे रेणू घेतले आणि फटींच्या जाळ्यांतून जाण्याआधी ते लेसरनं तापवले. तापलेली वस्तू प्रकाश टाकते, तसा तो रेणूही टाकतो. तो प्रकाश कुठून निघाला यात रेणू कुठे होता याचा माग असतो. तापमान वाढवत नेलं तसे पट्टे फिके होत गेले आणि सुमारे तीन हजार केल्विनच्या पुढे दिसेनासे झाले. तो प्रकाश कोणी पाहत नव्हतं. तो निर्वात नळीच्या भिंतींवर जाऊन पडत होता. म्हणजे पट्टे पुसायला भिंत पुरली.

या प्रक्रियेला आम्ही डिकोहिअरन्स म्हणतो. कणाच्या अवस्थेतला माग भोवतालच्या असंख्य कणांत पसरला की लाटेचं वागणं दिसेनासं होतं. धुळीचा कण, मांजर, ग्रह हे सारं भोवतालाशी इतकं सतत गुंतलेलं असतं की त्यांचे पट्टे कधी दिसतच नाहीत. चंद्रावर सूर्यप्रकाश आदळतो आहे; त्याला जागेवर ठेवायला कोणी मान वर करून बघावं लागत नाही.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे, कारण ‘चेतनेमुळे’ हे वाक्य व्हॉट्सॲपवाल्यांनी शोधलेलं नाही. गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ मध्ये दाखवलं की मोजणारं यंत्र, त्याचा काटा, काटा पाहणारा डोळा, मज्जातंतू, मेंदू ही सगळी साखळी क्वांटमच्याच नियमांत बसवता येते, आणि ‘मोजणी इथे झाली’ ही रेघ कुठेही मारली तरी उत्तर तेच येतं. मग ती रेघ शेवटी चेतनेपाशीच मारू या, असं लंडन आणि बाउअर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये सुचवलं. यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये तेच जोरात मांडलं. विग्नर नोबेलविजेते होते, त्यामुळे वाक्याला वजन आलं. पण डिटर झे यांचं डिकोहिअरन्सवरचं काम, जे १९७० मध्ये आलं, ते वाचल्यानंतर विग्नर या मतापासून दूर गेले. प्रवचनात विग्नरचा पूर्वार्ध येतो, उत्तरार्ध येत नाही.

डिकोहिअरन्सनं सगळं सुटलं असंही नाही. पट्टे का जातात ते कळलं, पण अनेक शक्यतांतून नेमकी हीच एक का घडली, हे त्यातून निघत नाही. तिथे ह्यू एव्हरेट १९५७ मध्ये म्हणाले की सगळ्याच घडतात, जगाच्या फांद्या फुटतात. डेव्हिड बोम १९५२ मध्ये म्हणाले की कण कायम ठाम जागी असतो, लाट त्याला वाट दाखवते. क्वांटमच्या पहिल्या शिल्पकारांपैकी नील्स बोर यांच्या वळणाचे लोक म्हणतात की प्रयोगाच्या मांडणीशिवाय हा प्रश्नच विचारू नका. वाद जिवंत आहे. पण या तिन्हींपैकी एकालाही चेतना लागत नाही.

आता वाईच्या बाजूनं. ‘पाहिलं म्हणून वस्तू आहे, पाहिलं नाही तर नाही’ हे मत भारतात होतं, आणि फार हुशार लोकांचं होतं. वसुबंधूंपासूनचे विज्ञानवादी (इथे विज्ञान म्हणजे जाणीव, सायन्स नव्हे) बौद्ध ते मांडत: बाहेरचा खांब असा वेगळा काही नाही, खांबाचं ज्ञान तेवढं आहे. आणि त्याचं खंडन कोणी केलं? शंकराचार्यांनी. ब्रह्मसूत्र, दुसरा अध्याय, दुसरा पाद, अठ्ठाविसावं सूत्र: ‘नाभाव उपलब्धेः’. बाहेरच्या वस्तूंचा अभाव मानता येत नाही, कारण त्या मिळतात. खांब, भिंत, घडा, वस्त्र. आचार्य विचारतात, जेवून तृप्त होत असलेला माणूसच म्हणू लागला की मी जेवत नाही आणि तृप्तही होत नाही, तर त्याचं काय ऐकायचं? बौद्ध म्हणतात की वस्तू ‘बाहेर असल्यासारखी’ भासते. त्यावर आचार्यांचा टोला असा की विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कोणी म्हणतं का? मुळात बाहेर असं काही नसेलच, तर ‘बाहेरच्यासारखं’ आलं कुठून? पुढचं सूत्र, ‘वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्’, जागेपणीचं जग स्वप्नासारखं नाही असं स्पष्ट सांगतं: स्वप्नातलं जाग आल्यावर खोटं ठरतं, जागेपणीचा खांब कुठल्याच अवस्थेत तसा खोटा ठरत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शास्त्रीबुवांना विचारलं की मग जगन्मिथ्येचं काय. ते म्हणाले, व्यवहारात घडा घड्याइतका खरा. ब्रह्मज्ञान होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

हे ध्यानात घेतलं की पुढचं सोपं होतं. इलेक्ट्रॉन, फट, पडदा, डिटेक्टर, बघणाऱ्याचा मेंदू हे सारं वेदान्तात व्यवहाराच्या पातळीवर येतं. ब्रह्म परमार्थाच्या, म्हणजे अंतिम सत्याच्या पातळीवर. व्यवहारातल्या एका वस्तूनं दुसरीवर परिणाम केला यातून परमार्थ सिद्ध करायला निघालो, तर आचार्यच आपल्याला हाकलतील.

शंकराचार्यांच्याच परंपरेतल्या, त्यांच्या आधीच्या गौडपादांच्या कारिकांत जागृती आणि स्वप्न शेजारी ठेवलेले आहेत, आणि पुढे प्रकाशानंदांनी दृष्टिसृष्टिवाद मांडला, म्हणजे दिसणं हेच असणं. हे तुम्ही काढाल याची मला कल्पना आहे. काढा. पण त्या मतात प्रयोगशाळा, शास्त्रज्ञ, नोबेल समिती सगळंच दृष्टीबरोबर उपजतं. तिथे जपानमधल्या यंत्राची साक्ष काढणं म्हणजे स्वप्नातल्या तलाठ्याचा दाखला जागेपणी कोर्टात देणं.

याहून मोठी अडचण साक्षीची आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. चेतना लाटेचा कण करते, असं म्हटलं की चेतना काहीतरी करते. तिला कर्तृत्व आलं. सांख्यदर्शनाच्या सांख्यकारिकेतली एकोणिसावी कारिका पुरुषाची, म्हणजे शुद्ध चेतनेची, लक्षणं सांगते: साक्षी, केवल, मध्यस्थ, द्रष्टा, अकर्ता. श्वेताश्वतर उपनिषद म्हणतं ‘साक्षी चेता केवलो निर्गुणश्च’. गीतेचा तेरावा अध्याय कर्मं सगळी प्रकृतीच करते आणि आत्मा अकर्ता आहे हे पाहणाऱ्याला खरा पाहणारा म्हणतो. ज्याच्या पाहण्यानं इलेक्ट्रॉन हलतो तो साक्षी नाहीच, तो कारभारात शिरलेला आहे.

मग पाहणारं मन तरी? ते सांख्यात प्रकृतीचं कार्य आहे, जड आहे. वेदान्तातही अंतःकरण भौतिकच, सूक्ष्म भूतांचं. म्हणजे मनानं इलेक्ट्रॉनवर परिणाम केला असं समजा सिद्ध झालंच, तरी जडानं जडावर केला, एवढंच सिद्ध होईल. व्हिएन्नाच्या भिंतीनं केला तसाच. गंमत अशी की आपल्या दर्शनांना हा डिकोहिअरन्सचा निकाल अजिबात अडचणीचा नाही. अडचण होते ती विग्नरच्या पूर्वार्धाची.

माउलींबद्दल मी भीत भीत लिहितो, ते तुमचं क्षेत्र. चांगदेव पासष्टीतली ‘प्रगटे तंव तंव न दिसे । लपे तंव तंव आभासे’ ही ओवी तुम्ही इलेक्ट्रॉनला लावलीत. ऐकायला झकास बसते, मान्य. पण ती ओवी वटेशाबद्दल, परमात्म्याबद्दल आहे: तो प्रकटतो तसतसं जग दिसेनासं होतं आणि तो लपला की जगाचा भास होतो. इलेक्ट्रॉन नोंदवला की उलट ठिपका दिसतो. आणि अमृतानुभवात माउलींनी अज्ञानखंडनाला एक अख्खं प्रकरण दिलं आहे. जग हा अज्ञानाचा पसारा मानायलाच ते तयार नाहीत. ते त्याला चैतन्याचा विलास म्हणतात. वारकरी फडावरून ‘जग म्हणजे भास, सायन्सनं सांगितलं’ असं आलं तर ते विज्ञानाला जितकं परकं, तितकंच आळंदीलाही.

श्रॉडिंजरबद्दल तुम्ही विचारलंत, तर ते घ्या, पण नीट घ्या. त्यांचं वेदान्तप्रेम पक्कं होतं. शोपेनहॉवरमुळे ते उपनिषदांकडे वळले. १९२५ च्या शरद ऋतूत त्यांनी एक आत्मपर तत्त्वचिंतन लिहिलं, त्यात सर्व जीवांत चेतना एकच हा विचार आहे. काही आठवड्यांनी, त्याच वर्षीच्या नाताळच्या सुटीत, आरोसा या गावी त्यांना समीकरण सुचलं आणि १९२६ मध्ये ते छापून आलं. दोन घटना इतक्या जवळ, म्हणून लोक कार्यकारण जोडतात. पण समीकरणाची वाट वेगळी आणि चांगली माहिती असलेली आहे: लुई द ब्रॉग्ली यांचा १९२४ चा प्रबंध, आइनस्टाइन यांनी त्याची घेतलेली दखल, झुरिकच्या चर्चासत्रात द ब्रॉग्लींचं काम समजावून सांगण्याची आलेली पाळी, आणि प्रकाशशास्त्र व यामिकी (वस्तूंच्या हालचालीचं शास्त्र) यांच्यातलं हॅमिल्टनच्या काळापासूनचं साम्य. त्यात उपनिषद कुठे नाही.

त्याहून बोलकी गोष्ट पुढची. १९४४ च्या ‘व्हॉट इज लाइफ’च्या शेवटी हेच श्रॉडिंजर आत्मा आणि ब्रह्म यांच्या ऐक्याबद्दल आदरानं लिहितात. आणि १९५८ च्या ‘माइंड अँड मॅटर’मध्ये, मोजणीत पाहणारा वस्तूवर परिणाम करतो या चर्चेबद्दल मात्र म्हणतात की याला ज्ञात्याचा परिणाम म्हणणं मला पसंत नाही, ज्ञाता तो जो जाणतो आणि विचार करतो, आणि जाणिवा व विचार ऊर्जेच्या जगातले नाहीत. वेदान्ताचा एवढा प्रेमी आणि क्वांटमचा जनक, आणि त्यानंच ही गाठ मारायला नकार दिला. त्यांना साक्षीचं अकर्तेपण आपल्या प्रवचनकारांपेक्षा नीट कळलं होतं असं म्हटलं तर रागावू नका. पेटीतलं एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं म्हणावं लागणारं त्यांचं ते मांजरही १९३५ मध्ये त्यांनी टिंगलीसाठीच आणलं होतं, ‘बघा, तुमचं म्हणणं शेवटपर्यंत नेलं तर कुठे जातं’ म्हणून.

जुळलेल्या कणांचं, म्हणजे एकमेकांशी बांधलेल्या अवस्थेत निघून दूर गेलेल्या दोन कणांचं, प्रकरण खरोखर खोल आहे, त्याला वेळ द्या. समजा चपलेचा एक जोड फोडला, दोन बंद पिशव्यांत घातला, एक कराडला पाठवली आणि एक वाईला. कराडच्या पिशवीत डावी निघाली की वाईला उजवी आहे हे तत्क्षणी कळतं. यात चमत्कार काहीच नाही, कारण डावी-उजवी आधीच ठरलेली होती. दूरच्या कणांचं नातंही असंच असणार, असा आइनस्टाइन आणि सहकाऱ्यांच्या १९३५ च्या लेखाचा रोख होता. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवलं की हे तपासता येतं. मोजण्याचे कोन दोन्हीकडे बदलत राहा. सगळं आधीच ठरलेलं असेल आणि एका टोकाचा परिणाम दुसऱ्या टोकाला प्रकाशापेक्षा वेगानं पोचत नसेल, तर निकालांच्या मेळाची एक विशिष्ट बेरीज दोनच्या वर जाऊ शकत नाही. क्वांटमनुसार ती २.८३ पर्यंत जाते. जॉन क्लाउझर यांनी १९७२ मध्ये, अलँ अस्पे यांनी १९८२ मध्ये मोजलं, आणि २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर पळवाटा, म्हणजे निकालाचं दुसरं स्पष्टीकरण देता येईल अशा जागा, बंद करून मोजलं. मर्यादा मोडली. क्लाउझर, अस्पे आणि झाइलिंगर यांना २०२२ चं नोबेल त्यासाठीच.

म्हणजे चपलांचं चित्र पडलं. पण त्यातून ‘सर्व एक’ निघत नाही. या नात्यातून निरोप पाठवता येत नाही, एक अक्षरसुद्धा नाही. तेव्हा इथे नाम घेतलं की तिथे कंपन पोचतं, याला यातून आधार नाही. आणि ‘एकमेवाद्वितीयम्’मधलं ब्रह्म दोन कणांच्या आपसातल्या नात्यासारखं नाही. नातं म्हटलं की दोन आले, द्वैत आलं.

भारतीय दर्शनांपैकी याचा खरा फटका कोणाला बसतो, तर वैशेषिकांना, आणि हे कोणी सांगतच नाही. कणादांच्या परंपरेत परमाणू नित्य आहेत, त्यांचे गुण त्यांच्यातच राहतात, आणि प्रत्येक परमाणूत ‘विशेष’ नावाचा पदार्थ आहे, ज्यामुळे हा परमाणू त्याच्यासारख्याच दुसऱ्याहून वेगळा ठरतो. क्वांटममध्ये दोन इलेक्ट्रॉनांत असा काही विशेष नसतो. त्यांची अदलाबदल केली तर ती निसर्गाच्या हिशोबात नवीन अवस्था धरली जात नाही. प्रकाशकणांच्या बाबतीत हा हिशोब १९२४ मध्ये पहिल्यांदा केला तो सत्येंद्रनाथ बोस यांनी, ढाक्यात बसून. एका भारतीयाच्या गणितानं एका भारतीय दर्शनाचा पाया हलवला, हा विषय मला सप्ताहात ऐकायला आवडेल. ‘भारतीय तत्त्वज्ञान’ हे एकच एक काही आहे आणि ते सगळं क्वांटमशी जुळतं, या समजुतीला त्यानं चांगला धक्का बसेल.

सांगलीकडे कार्यक्रम असेल, जैन श्रोते बरेच असतील, तर स्याद्वादाबद्दल, म्हणजे कुठलंही विधान एका अपेक्षेनंच खरं असतं या जैन मताबद्दल, कोणी विचारेल. तिथे महालनोबिस आणि हाल्डेन या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात संख्याशास्त्राच्या अंगानं लिहिलं आहे, आणि दौलतसिंह कोठारी यांनी बोर यांच्या पूरकतेशी (कण आणि लाट ही दोन्ही वर्णनं लागतात, पण एकदम लागू होत नाहीत, या मताशी) तुलना केली आहे. ‘स्यात् अवक्तव्यम्’ (एका अपेक्षेनं शब्दांत सांगता न येणारं) हा प्रकार क्वांटमच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटतो, हे खरं. विचार करण्याच्या रीतीतलं साम्य म्हणून ते घ्यावं. महावीरांना इलेक्ट्रॉन माहीत होता असं करू नये.

राहिला मेंदूतल्या नळ्यांचा व्हिडिओ. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांचं म्हणणं असं की चेतापेशींतल्या सूक्ष्मनलिकांमध्ये क्वांटम अवस्था टिकतात आणि त्या आपोआप कोसळतात, म्हणजे अनेक शक्यतांतून एकच उरते, तेव्हा जाणीव उपजते. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशोब मांडला की मेंदूच्या उबदार, ओल्या वातावरणात अशी अवस्था सेकंदाच्या दहा लाख-कोटीव्या भागाइतकीही मुश्किलीनं टिकेल, आणि चेतापेशीला तर आपलं काम करायला हजारांश सेकंद लागतात. हॅमरॉफ यांच्या बाजूनं त्या हिशोबावर आक्षेप घेतले गेले. बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञ आणि मेंदूचे अभ्यासक मात्र अजून साशंक आहेत. मीही. जाणीव मुळात का असते, हा प्रश्न त्यामुळे लहान होत नाही. तो न सुटलेला आहे आणि तसाच सांगावा.

पण पेनरोज यांचा क्रम नीट पाहा. तुमच्या वाक्यात चेतनेमुळे लाट कोसळते. त्यांच्याकडे लाट कोसळल्यामुळे चेतना येते. म्हणजे जडातून उपजणारी, जडाबरोबर जाणारी. ‘न जायते म्रियते वा कदाचित्’ हे मी तुम्हाला सांगायला नको. हे मत आपल्याकडे ज्यांचं होतं त्यांना आपण चार्वाक म्हणतो: आंबवलेल्या पदार्थांत जशी मदशक्ती येते तशी महाभूतांच्या मेळातून जाणीव येते, असं त्यांचं म्हणणं आचार्यांनीच भाष्यात नोंदवून ठेवलंय, खोडायला म्हणून. तेव्हा तो व्हिडिओ मंडपात लावायचाच असेल, तर चार्वाकाचं नाव घेऊन लावा.